डोडीताल यात्रेचा अध्यक्ष

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी खरा रागावलो की शुद्ध मराठी बोलतो. एरवी मी नागपूरचा माणूस. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ यांत माझं उभं आयुष्य आरामात गेलं आहे. पण डोकं फिरलं की तोंडातून ‘कृपया’, ‘आपण’ आणि ‘याची नोंद घ्यावी’ असलं काहीतरी यायला लागतं. लहानपणी माझ्या तोंडून ‘कृपया’ ऐकलं की आमची लेक वैभवी पलंगाखाली जाऊन बसायची. तेव्हा ही हकिगत मी शुद्ध मराठीत का सांगतो आहे, हे वेगळं सांगायला नको.

झालं असं की माझ्या बायकोला, कौशल्याला, एक तळं बघायचं होतं.

बस, एवढंच. महाल नको होता, दागिना नको होता. वैभवी आता पुण्याला नोकरी करते, तिनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. हिमालयातलं डोडीताल नावाचं तळं, भोवती देवदाराची झाडं, काठावर एक तंबू आणि बाकी सगळी सामसूम. हिनं तो कढईत फोडणी जळेपर्यंत पाहिला. मग मी कूलरमध्ये पाणी भरत होतो तिथं येऊन उभी राहिली.

“अहो, इथं कोणीच दिसून नाही राहिलं,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही. इथं जाऊ. आपण दोघंच. पाठीवर आपापली पिशवी. चार दिवस मले कोणी ‘वहिनी’ नको म्हणायले, ‘मामी’ नको म्हणायले, ‘जरा एक काम होतं’ नको म्हणायले.”

हे समजायला आमचं घर माहीत पाहिजे. आमचं घर लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, अगदी तोंडाशी, दारात कडुनिंब. येणारा-जाणारा सावलीला थांबतो, आणि थांबला की आत डोकावतो. निम्म्या लेआउटच्या किल्ल्या आमच्या खिळ्याला असतात. कोणाचा सिलिंडर आमच्याकडे उतरतो, कोणाचं पोर शाळेतून आमच्याकडे येऊन वरणभात खातं. ही कोणाला नाही म्हणत नाही. मी साडी आणली तर ‘छान आहे’ म्हणते आणि नणंदेला देऊन टाकते. अशा बाईनं लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी मागितलं, तर नवऱ्यानं काय करायचं? मी छाती फुगवून म्हणालो, “झालं समज!”

“फक्त एक करा,” ती म्हणाली. “कोणाले सांगू नका.”

“मी कायले सांगू?”

आणि मी सांगितलं नाही. सांगायची वेळ माझ्यावर आणली गेली. वैभवीनं पुण्याहून दोन मोठ्या पाठपिशव्या पाठवल्या, एक निळी, एक नारिंगी, आणि कुरियरवाला आला तेव्हा आम्ही दोघंही घरी नव्हतो. त्यानं खोकं शेजारी कृष्णकांतरावांकडे दिलं. कृष्णकांतराव जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाले आहेत. आता मोजायला जमिनी उरल्या नाहीत म्हणून शेजाऱ्यांचं सामान मोजतात. मी आणायला गेलो तेव्हा खोकं दिवाणावर होतं आणि ते समोर बसून त्याचा अभ्यास करत होते.

“आकार मोठा, वजन कमी,” ते म्हणाले. “मिक्सर तं नाही. कपडे म्हणावं, तं इतके कपडे घेणारे तुम्ही नाही. काय मागवलं गा, गिरिधरभाऊ?”

आता मला सांगा, ‘इतके कपडे घेणारे तुम्ही नाही’ हे ऐकून कोणता स्वाभिमानी माणूस गप्प बसेल? मी विमा कचेरीत हेडक्लार्क आहे. सदर भागातल्या कचेरीत माझ्या टेबलासमोर लोक उभे राहतात.

“आम्ही हिमालयात जात आहोत,” मी म्हणालो. “पाठीवर सामान घेऊन. डोडीतालला. तंबूत राहणार आहोत. याची नोंद घ्यावी.”

त्यांनी घेतली. मी खोकं घेऊन घरी आलो तर कौशल्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“सांगितलं?”

“एकट्या कृष्णकांतरावले सांगितलं.”

“एकट्या कृष्णकांतरावले,” ती म्हणाली. ‘एकट्या आकाशवाणीला’ म्हणावं तशा आवाजात.

मग सरावाचं प्रकरण सुरू झालं. वैभवीचा फोनवरून हुकूम, रोज सकाळी पाठीवर वजन घेऊन चाला. घरात वजनाचं काय असतं? गहू. मी निळ्या पिशवीत गहू भरले आणि अंबाझरी तलावाच्या दिशेनं निघालो. कौशल्या रस्त्यावर आली नाही. ती नारिंगी पिशवी पाठीला लावून घरातल्याच जिन्यानं गच्चीवर चढायची आणि उतरायची, चढायची आणि उतरायची. मी म्हणालो, “बाहेर चल ना, मोकळी हवा आहे.” ती म्हणाली, “बाहेर लोकं आहेत.” मी हसलो. दुसऱ्याच दिवशी माझं हसू बंद झालं.

कोपऱ्यावर जिजाबाई भेटल्या. जिजाबाई लेआउटमधल्या सगळ्यांत जुन्या. नागपूर सुधार प्रन्यासानं रस्ता टाकायच्या आधीपासून त्या याच कोपऱ्यावर उभ्या आहेत, असं म्हणतात.

“काहून गा गिरिधर, पाठीवर काय आहे?”

“गहू.”

“चक्कीवर चालला का?”

“नाही, सराव करून राहिलो. ओझ्याचा.”

“मग माझे बी गहू घेऊन जा ना. ओझंच पाह्यजे ना तुले?”

या युक्तिवादाला उत्तर असेल तर मला कळवावं. मी गहू घेतले. चक्कीवर दळून आणले. दुसऱ्या दिवशी जिजाबाईंच्या फाटकापाशी दोन डबे होते, तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंची ज्वारी, मग कोणाची चण्याची डाळ. आठवड्याभरात परिस्थिती अशी की अंबाझरी बाजूलाच राहिली. मी रोज पहाटे लेआउटचं धान्य चक्कीवर आणि पीठ घरोघर नेत होतो. चक्कीवाला मला पाहून स्टूल पुसून द्यायचा. वर तक्रारी वेगळ्याच. जिजाबाईंनी मला भर रस्त्यात थांबवून सांगितलं, पीठ जाडं आलं, भाकरी थापली जात नाही, आणि तुझं लक्ष कुठं असते गा? मी म्हणालो, “कृपया आपले पीठ आपण दळून आणावे.” त्या म्हणाल्या, “पाहा, हिमालयात जायच्या आधीच केवढा माज.”

पण खरा घोळ पुढे आहे. तिथल्या ट्रेकवाल्यांचा नियम असा की आमच्या वयाच्या माणसांनी सरकारी डॉक्टरचा दाखला आणावा की हा माणूस डोंगर चढायला लायक आहे. नियम चांगला आहे. माझं नियमाशी भांडण नाही. माझं भांडण खिडक्यांशी आहे. आम्ही दोघं गेलो सरकारी दवाखान्यात. पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं फोटो मागितला, फोटोत माझे कान दिसत नाहीत म्हणून परत पाठवलं. माझे कान आहेत तसेच आहेत, ते डोक्याला चिकटलेले आहेत, त्याला मी काय करू? कान दिसतील असा फोटो काढून आणला तर खिडकीतला माणूस जेवायला गेला होता. बाहेर मे महिना. पंखा होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे होतं. मी तीनदा ‘कृपया’ म्हणालो आणि एकदा ‘आपणांस लाज वाटते का’.

कौशल्या त्याच रांगेत होती. तिनं मधेच आपली जागा एका लेकुरवाळीला दिली आणि भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहिली. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, “त्या तळ्याचं पाणी आठवून राहिली.” न पाहिलेलं पाणी आठवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला. हिचा रक्तदाब पुस्तकात छापावा असा. दाखला लगेच. माझा पाहून त्यांनी पट्टा काढला, झटकला, पुन्हा बांधला.

“काका, तुम्ही रागावला आहात का?”

“मी रागावलेलो नाही, याची आपण नोंद घ्यावी.”

“दोन आठवडे शांत राहा. मीठ कमी, चिडचिड बंद. मग या, तेव्हा बघू.”

शांत राहा! नागपुरात, मे महिन्यात, आमच्या लेआउटमध्ये! कौशल्या बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, “दोनच आठवडे आहेत हो. जमवा ना.” तिनं दाखला पर्समध्ये ठेवला होता आणि पर्स काखेत घट्ट धरली होती. मी तिला शब्द दिला. मनापासून दिला.

त्याच संध्याकाळी कृष्णकांतराव फोन हातात नाचवत आले.

“गिरिधरभाऊ, लपवलं तुम्ही!”

“काय लपवलं?”

“डोडीताल म्हणजे गणपतीबाप्पाचं जन्मस्थान! तिथले लोक तसं मानतात. मंदिर आहे तिथं. अन् तुम्ही आम्हाले तळं-तळं सांगून राहिले. एकट्यानंच पुण्य घ्यायचा विचार होता का?”

मला शपथेवर माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर नारळ सुरू झाले. आपल्याकडे कोणी तीर्थाला निघालं की त्याच्यासोबत नारळ, सुपारी, दुर्वा, जे असेल ते देतात, आणि जाणाऱ्यानं ते नाकारायचं नसतं. नाकारणाऱ्याचं नंतर काय काय झालं याचे किस्से सांगायला जिजाबाई तयारच होत्या. कोणी नवसाचा नारळ आणला, कोणी पोराच्या परीक्षेचा, एकानं तर अडकलेल्या नकाशामंजुरीचा. पिशव्या आमच्या हलक्या असायला पाहिजेत, वैभवीनं साबणसुद्धा कापून अर्धा न्यायला सांगितला होता, आणि नारिंगी पिशवीत नारळच नारळ. मी काही बोलायला तोंड उघडलं की समोरचा म्हणायचा, “रागावू नका, गिरिधरभाऊ. बीपी आहे ना तुम्हाले?” ही बातमीसुद्धा लेआउटभर झाली होती. जगात ‘रागावू नका’ या शब्दांइतका राग दुसऱ्या कशानंही येत नाही.

त्यात कामठीहून माझा मेहुणा दुर्गेश आला. कौशल्याचा धाकटा भाऊ. माणूस दिलदार आहे, आणि दिलदार माणसांपासून देवानं वाचवावं.

“भाऊजी, ताईले रेल्वेनं अन् पायी नेऊन राहिले? मी बस लावतो ना! माझ्या दोस्ताची आहे, पुशबॅक सीट. नागपूर ते थेट उत्तरकाशी. सोबत सैपाकाले महाराज घेऊ. सगळेच चालू!”

“दुर्गेश, आम्हाले दोघांनाच…” कौशल्या म्हणाली.

“दोघांनी काय मजा येते, ताई?”

तो निघून गेला आणि रविवारी समाजमंदिरात सभा लागली. मी कौशल्याला म्हणालो, “तू काळजी करू नको. मी जातो अन् मोडून येतो सगळं.” आणि मी खरंच मोडायलाच निघालो होतो. रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो, ‘ही आमची खासगी सहल असून…’ वगैरे. दारातच मोठा फलक लावलेला होता. श्री डोडीताल यात्रा समिती. अध्यक्ष, श्री. कृष्णकांतराव. उपाध्यक्ष, श्री. दुर्गेश. त्याखाली आठ-दहा नावं. माझं नाव मला सापडेना. शेवटी सापडलं, अगदी तळाशी, ‘विशेष सहकार्य’ या सदरात, मंडप डेकोरेशनवाल्याच्या खाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, तळं कोणाचं? कल्पना कोणाची? पिशव्या कोणाच्या? मी सभेत उभा राहिलो. जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो.

“कृपया मला एक सांगावे,” मी गरजलो. “ज्या माणसाने डोडीतालचे नाव या लेआउटमध्ये पहिल्यांदा उच्चारले, त्याचे नाव मंडपवाल्याच्या खाली? हा अपमान मी सहन करणार नाही!”

मग कृष्णकांतराव उठले, आणि शेवटी मोजणीवाला माणूस, त्यांनी माझं माप बरोबर घेतलं. म्हणाले, “भाऊचं बरोबर आहे. मी बाजूले होतो. गिरिधरभाऊच अध्यक्ष.” टाळ्या पडल्या. कोणीतरी झेंडूचा हार घातला. मी थोडं भाषण केलं. भाषण चांगलं झालं, असं पाच जणांनी सांगितलं.

हार गळ्यात घेऊन घरी आलो तेव्हा कौशल्या जिन्यात होती, पाठीवर पिशवी, कपाळावर घाम.

“मोडून आले?”

“मले अध्यक्ष केलं,” मी म्हणालो.

“कायचं?”

“यात्रेचं. एकमतानं.”

ती पायरीवर बसली. पिशवी तशीच पाठीला.

“म्हणजे सगळे येऊन राहिले?”

“बस भरली.”

“अन् सैपाक?”

“महाराज आहे ना. तुले काहीच काम नाही. फक्त त्याच्यावर लक्ष ठेव म्हणजे झालं.”

हे वाक्य मी बोललो. तेव्हा मला ते धीर देणारं वाटलं होतं, काय करता!

“आपली रेल्वेची तिकिटं?” तिनं विचारलं.

“रद्द कर. यात्रा बसनं अन् अध्यक्ष रेल्वेनं, बरं दिसते का वं?”

“बरं,” कौशल्या म्हणाली.

ती वाद घालत नाही हे मला नेहमीच आवडत आलं आहे, आणि त्या दिवशीही आवडलं. मी हार कडुनिंबाच्या खिळ्याला अडकवला आणि अध्यक्षाच्या कामाला लागलो.

काम म्हणजे काय, तर भांडणं. पुढच्या सीटवर कोण, मागे कोणाला मळमळतं, महाराजानं पोहे करायचे की उपमा, पोह्यांवरची तर्री न्यायची की नाही. जिजाबाई आपली गादी नेणार होत्या. मग बाकीच्यांनीही गाद्या काढल्या. चार दिवसांसाठी पाठीवर मावेल एवढं सामान, अशी सुरुवात झालेल्या सहलीत आता शेगडी होती, दोन गंज, म्हणजे मोठी पातेली, होते, खलबत्ता होता. ज्यांना फाटकापर्यंत चालवत नाही ते डोंगर चढणार होते. मी विचारलं, दाखल्यांचं काय? कृष्णकांतराव म्हणाले, “बसवाल्याले कोण दाखला मागते?”

मी मात्र नियमानं गेलो दुसऱ्यांदा दवाखान्यात. रांगेत शांत होतो. श्वास मोजत होतो. पट्टा बांधायला हात पुढे केला आणि फोन वाजला. दुर्गेश. “भाऊजी, महाराज म्हणते मी कांदा-लसूण घालीन, अन् भजनी मंडळ म्हणते चालणार नाही. अध्यक्ष म्हणून तुम्ही निर्णय द्या.” मी निर्णय दिला. संपूर्ण दवाखान्यानं ऐकला. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं.

“काका, तुम्ही वर जाऊ नका. खालीच थांबा.”

मी समितीला सांगितलं. मला वाटलं, हळहळ होईल. कृष्णकांतराव म्हणाले, “अरे, मग तं उत्तमच झालं! अध्यक्ष खाली थांबून सगळ्यांचं सामान सांभाळतील.” म्हणजे हिमालयात जाऊन मी गाद्यांवर पहारा करणार होतो. घरी येऊन हे कौशल्याला सांगितलं, म्हणालो, पाहा कशी माणसं आहेत! ती पोळ्या लाटत होती. “तुम्हाले दाखला नाहीच मिळाला?” एवढंच तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर लाटणं थोडा वेळ थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

शेवटची बैठक आमच्याच घरी होती. बसायला जागा नव्हती, दोघं-तिघं कूलरसमोर उभे राहून सगळ्यांची हवा अडवत होते. विषय होता पुऱ्या किती दिवस टिकतात. मी आत आवाज दिला, “कौशल्या, चहा ठेव वं!” उत्तर नाही. पुन्हा दिला. मग उठून गेलो. स्वयंपाकघरात गॅस थंड होता. ओट्यावर नारळ मांडलेले होते, ओळीनं, सगळ्यांचे. नारिंगी पिशवी नव्हती.

फोन लावला. तिनं लगेच उचलला. मागे खडखडाट.

“कुठं आहे तू?”

“गाडीत. काटोल गेलं आत्ताच.”

“कोणत्या गाडीत?”

“आपल्याच. मी तिकिटं रद्द नाही केली.”

मी खाली बसलो. ओट्याला पाठ टेकून, फरशीवर.

“एकटी?”

“एकटीच. वैभवीनं तिथं वाटाड्या ठरवून देला आहे. माझा दाखला आहे माझ्याजवळ.”

“अन् मले सांगितलं काहून नाही?”

“पहिल्यांदा तुम्हालेच तं सांगितलं होतं.”

काही सुचलं नाही की मी रागावतो, म्हणून रागावलो. “कौशल्या, कृपया पुढच्या स्टेशनवर उतर!”

“नाही,” ती म्हणाली.

हा शब्द तिला येतो हे मला माहीत नव्हतं. आणि ती किती सहज बोलली! जणू रोजचाच शब्द.

“अहो, एक करा,” ती पुढे म्हणाली. “निदान आता तरी कोणाले सांगू नका. हे लोक मागं येतील.” आणि फोन ठेवला.

बाहेर आलो. सगळे माझ्याकडे बघत होते.

“वहिनी कुठं आहेत?” कृष्णकांतरावांनी विचारलं.

“कामठीले गेली,” मी म्हणालो. “माहेरी.”

“भाऊजी,” दुर्गेश म्हणाला, “मी कामठीवरूनच आलो ना आत्ता.”

त्या क्षणी माझं डोकं किती वेगानं चाललं, ते मलाच ठाऊक. खरं सांगितलं तर काय होईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. या माणसांचे नातेवाईक प्रत्येक स्टेशनावर आहेत. इटारसीला कृष्णकांतरावांचा साडू आहे, भोपाळला कोणाची तरी बहीण. डबा घेऊन फलाटावर येतील, डब्यात शिरतील, ‘वहिनी एकट्याच?’ करून तिला खाली उतरवतील. उतरवलं नाही तर बस आजच सुटेल आणि तिच्या आधी तळ्यावर गाद्या पडतील. तिथं तिला चहा करावा लागेल.

“आमचं भांडण झालं,” मी म्हणालो. “मी नाही नाही ते बोललो. ती घर सोडून गेली. कुठं, ते तिनं सांगितलं नाही.”

आता इथं मला एक अपेक्षा होती. वाटलं होतं, निदान एक जण तरी म्हणेल की छे, गिरिधरभाऊ असं करणार नाहीत. इतकी वर्षं मी या लेआउटमध्ये काढली, सगळ्यांची पिठं पाठीवरून आणली. कोणालाही आश्चर्य वाटलं नाही! जिजाबाई म्हणाल्या, “मले वाटूनच राहिलं होतं.” कृष्णकांतराव म्हणाले, “बीपी.” भजनी मंडळातल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी बायकोला मारणारा माणूस आहे.

दुर्गेशनं लाल डोळ्यांनी फोन काढला आणि ताईला लावला, स्पीकरवर. एक शब्द ती खरा बोलली असती तर संपलं होतं.

“ताई, कुठं आहे तू? भाऊजी म्हणतेत भांडण झालं?”

नशिबानं गाडी कुठंतरी थांबली असावी, मागचा खडखडाट बंद होता. मग तिचा आवाज आला, हळू.

“हो. खूप बोलले. ‘कृपया’ म्हणाले.”

खोलीत सगळ्यांनी श्वास आत घेतला.

“मी मैत्रिणीकडे आहे. सुखरूप आहे. मले शोधू नको, चार-आठ दिवसांत येते. अन् दुर्गेश, त्याईले काही बोलू नको. ते मनानं चांगले आहेत.”

बसमधून कोणी डोडीतालला गेलं नाही. ज्याची बायको घर सोडून गेली तो माणूस तीर्थयात्रेचा अध्यक्ष कसा, असा प्रश्न निघाला, आणि अध्यक्षाला काढून यात्रा नेली तर अपशकुन, असा दुसरा निघाला. बस रामटेकला जाऊन संध्याकाळी परत आली. मला नेलं नाही. आणि माझ्यावर सुरू झाली सहानुभूती. सकाळी एकीचा डबा, दुपारी दुसरीचा. डब्यासोबत माणूस, माणसासोबत उपदेश. चक्कीवाल्यानं पीठ देताना सांगितलं, बाईमाणसाशी नरमाईनं बोलत जावं. चक्कीवाल्यानं! मी तोंडातून ब्र काढला नाही. आतून मात्र असा पेटत होतो की पट्टा बांधला असता तर फाटला असता.

एके दिवशी दुपारी कृष्णकांतराव समोरच्या खुर्चीत बसून ‘राग कसा आवरावा’ या विषयावर बोलत होते. मी त्यांच्या घरची कढी जेवत होतो. तेवढ्यात फोन वाजला. मी उजवा हात तसाच ठेवून डाव्या हातानं कानाला लावला.

“उतरली मी खाली,” कौशल्या म्हणाली. “आत्ता रेंज आली. ऐकू येते ना?”

“हूं.”

“पाणी खूप हिरवं आहे हो. सकाळी वरून धूर निघतो. मी काही केलं नाही तिथं, नुसती बसून राहिली. वाटाड्या होता, पण तो बोलतच नाही. इतका वेळ कोणी माझ्याशी बोललंच नाही, कळते का तुम्हाले?”

“हूं.”

“काल दगडावर बसली होती तं तुमची आठवण आली. म्हटलं, हे असते तं चाललं असतं.” ती जराशी हसली. “गप्प बसायले पाह्यजे पण.”

मला खूप काही बोलायचं होतं. पाण्याबद्दल विचारायचं होतं, पाय दुखतात का विचारायचं होतं, पुढच्या वर्षीपर्यंत दाखला आणतोच म्हणून सांगायचं होतं. कृष्णकांतराव पुढे झुकले होते, त्यांचा कान माझ्या फोनपासून हातभर अंतरावर होता.

“कोण आहे गा?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हणालो, आणि फोन कानालाच धरून बसलो.